फायनान्स कंपनीतली नोकरी: नाशिकच्या शाखेत बसून दिसतं ते

सिन्नरच्या एका मुलीचा प्रश्न आहे. बीवायके कॉलेजातून यंदा एम.कॉम. झाली. एका मोठ्या फायनान्स कंपनीच्या नाशिक शाखेत, गृहकर्जाच्या विभागात नोकरी चालून आली आहे. वडील माळेगाव एमआयडीसीत कामाला. ते म्हणतात, ‘बँकेच्या परीक्षा दे, या कंपन्यांत नुसतं टार्गेट असतं.’ आत काम खरंच कसं असतं आणि मुलीनं त्यात पडावं का, हे तिला विचारायचं आहे.

ताई म्हणून विचारलंस, म्हणून एकेरीतच लिहिते. २००६ साली द्वारकेजवळच्या एका टू-व्हीलर शोरूममध्ये, कोपऱ्यातल्या टेबलावर बसून मी गाड्यांच्या कर्जाचे फॉर्म भरायला लागले. पुढे दुसऱ्या कंपनीत गृहकर्जाच्या क्रेडिटला, म्हणजे कर्ज द्यायचं की नाही ते ठरवणाऱ्या विभागात गेले, मधली दोन वर्षं वसुली पाहिली, आणि आता नाशिक, धुळे, जळगाव या पट्ट्यातल्या शाखांचं क्रेडिट माझ्याकडे आहे. म्हणून मी सांगते ते कर्ज देणाऱ्या कंपन्यांचं. विमा, शेअर ब्रोकिंग, म्युच्युअल फंड इथली कामं निराळी, त्यांच्यावर मी बोलणार नाही.

कंपनी कितीही मोठी असली तरी नोकरी शाखेत करायची असते, हे आधी मनाशी पक्कं धर. जाहिरातीतलं मुंबईचं उंच ऑफिस तुला वर्षातून एकदा ट्रेनिंगला दिसेल. रोजचं म्हणजे शरणपूर रोडला नाहीतर कॅनडा कॉर्नरला पहिल्या मजल्यावरची जागा, काचेचं दार, आठ-दहा माणसं, फायलींनी भरलेलं कपाट आणि एक ब्रँच मॅनेजर. तो मॅनेजर कसा आहे यावर तुझी पहिली दोन वर्षं ठरतील. माझा पहिला मॅनेजर प्रत्येक फाइल परत पाठवताना का पाठवली ते समोर बसवून सांगायचा. त्यातून जे शिकले त्यावर आजपर्यंत माझं पोट चाललंय. त्याच कंपनीच्या दुसऱ्या शाखेतल्या मैत्रिणीला रोज संध्याकाळी सगळ्यांसमोर आकडा विचारून उभं करायचे. ती आठ महिन्यांत सोडून गेली. दोघींच्या ऑफर लेटरवर अक्षर न् अक्षर सारखं होतं.

वडील म्हणतात तो टार्गेटचा रेटा खरा आहे. तो येतो कुठून ते समजून घे, म्हणजे तो आपल्यावर कुणी वैयक्तिक राग काढतंय असं वाटत नाही. बँकेकडे लोकांच्या बचत खात्यांचा स्वस्त पैसा असतो. आपल्याकडे बचत खाती नसतात. आपली कंपनी बँकांकडून कर्ज घेते, बाजारात रोखे विकते, आणि तोच पैसा थोड्या चढ्या दरानं पुढे देते. पैसा पडून राहिला तरी त्याचं व्याज चालू असतं आणि दिलेला बुडाला तर मधला नफा गेलाच. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस या बड्या फायनान्स कंपनीनं देणी थकवली तेव्हा या व्यवसायाची नाडी मला पहिल्यांदा कळली. त्या कंपनीशी आमचा काडीचा संबंध नव्हता. पण बाजारानं सगळ्याच फायनान्स कंपन्यांना पैसे देताना हात आखडता घेतला. दिवाळी तोंडावर, आणि आमच्याकडे सँक्शन म्हणजे मंजूर झालेल्या फायली डिस्बर्स होईनात, म्हणजे पैसे हातात पडेनात. पाथर्डी फाट्याचं एक जोडपं रोज शाखेत येऊन बसायचं, कारण त्यांच्या खरेदीखताची तारीख ठरली होती. त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मोठ्या कंपनीत काम करणं म्हणजे हेही असतं की मुंबईतल्या एका बातमीनं पाथर्डी फाट्याची चावी अडते आणि समोर बसायला तूच असतेस.

महिन्याची चाल सांगते. बहुतेकांचा हप्ता ५ तारखेला खात्यातून जातो. ६ ला बाऊन्सची, म्हणजे न वटलेल्या हप्त्यांची यादी येते, आणि पुढचे चार-पाच दिवस सेल्सवालेसुद्धा फोन धरून असतात, कारण आपण आणलेल्या गिऱ्हाइकाचा पहिलाच हप्ता उडाला तर जाब आपल्याला विचारतात. १० ते २० तारखेपर्यंत लॉगिन, म्हणजे नव्या फायली चढवायच्या. त्यानंतर सँक्शन आणि शेवटच्या आठवड्यात डिस्बर्समेंट. ३१ तारखेला रात्री दहा-अकराला निघणं आमच्याकडे नवलाचं नाही. मार्च असेल तर बोलूच नकोस. सकाळी सव्वानऊला एक कॉल, संध्याकाळी एक कॉल: लॉगिन किती, सँक्शन किती, डिस्बर्स किती. तुझ्या पत्रावर ‘रिलेशनशिप ऑफिसर’ लिहिलं असेल तर ते सेल्स आहे असंच समज. हुद्द्याच्या नावावरून काम कळत नाही. ‘मला महिन्याला कोणता आकडा आणायचा आहे’ हे विचारलं की कळतं.

सेल्सनं एक वर्ष केलं तर मुळीच वाया जात नाही. बिल्डरच्या साइटवर, एजंटांच्या ऑफिसात, अंबडच्या कारखान्यांच्या गेटवर माणसं ओळखायला शिकतेस. फक्त एका बाबतीत पहिल्या दिवसापासून ताठ राहा. कर्जासोबत विम्याची पॉलिसी लावण्यासाठी शाखेवर दबाव असतो. गृहकर्जाला विमा असावा असं माझंही मत आहे, घरातला कमावता माणूस गेला तर मागे राहिलेल्यांना तो वाचवतो. पण तो सक्तीचा नाही, आणि ‘याच्याशिवाय फाइल होत नाही’ हे वाक्य खोटं आहे. ते वाक्य तुझ्या तोंडून जाऊ देऊ नकोस. हप्त्यात किती रुपये विम्याचे आहेत ते कागदावर लिहून दाखव. ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जदाराला सगळा खर्च धरून वार्षिक दर सांगणारं एक पत्रक द्यावंच लागतं. ते पत्रक ग्राहकाला मराठीत समजावून सांगणारी मुलगी शाखेत विरळा असते. ती तू हो. फ्लॅट म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवर व्याज, रिड्युसिंग म्हणजे उरलेल्या मुद्दलावर; हा फरक तुला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता आला पाहिजे. १ लाख रुपये, ३ वर्षं, १२ टक्के फ्लॅट म्हणजे ३६ हजार व्याज, हप्ता ३,७७८. ऐकायला १२, पण दर महिन्याला मुद्दल कमी होत जातं ते धरलं तर हा दर सुमारे २१ टक्क्यांना जातो. मी शोरूमच्या टेबलावर चार वर्षं होते, आणि हा हिशेब मला दुसऱ्या वर्षी कळला. पहिल्या वर्षी मी ज्यांच्याकडून सह्या घेतल्या त्यांना तो कळला नव्हता, कारण सांगणारीलाच ठाऊक नव्हता.

आता क्रेडिट. इथे मी लांबण लावणार, कारण या नोकरीतला जीव इथे आहे.

क्रेडिट म्हणजे फाइल पाहून ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं. सिबिलचा स्कोअर, म्हणजे आधीची कर्जं कशी फेडली त्याचे गुण, ३०० ते ९०० मध्ये येतो, तो मशीन देतं. सातबारा, फेरफार, एनए, इंडेक्स टू, तीस वर्षांचा सर्च हे जागेचे कागद वकील बघतो. बांधकाम इंजिनिअर बघतो. आपल्या वाट्याला येतो तो माणूस, आणि त्याला भेटण्याला आम्ही पीडी म्हणतो. घरी जायचं, दुकानात जायचं, तासभर बसायचं. अंबडमधला पावडर कोटिंगवाला रिटर्नमध्ये वर्षाला साडेचार लाख दाखवतो आणि म्हणतो कमाई दहा लाखांची आहे. खरं किती? वीजबिल बघ, भट्टी किती चालते ते त्यात लिहिलेलं असतं. जॉब-वर्कची चलनं बघ. कामगारांना बाहेर गाठून पगार कोणत्या तारखेला होतो ते विचार. मालक पैशात असेल तर पगार ७ ला होतो. ओढाताण असेल तर उचल देऊन भागवलेलं असतं.

निफाड-दिंडोरीकडची फाइल आली की वेगळं डोकं लावावं लागतं. द्राक्षाचा पैसा साधारण जानेवारी ते एप्रिलमध्ये येतो, आणि ऑक्टोबर छाटणीपासून खर्चच खर्च. बागाईतदाराचा सिबिल लख्ख असतो, पण गावातल्या कृषी सेवा केंद्राची औषधांची उधारी सिबिलमध्ये दिसत नाही. पतसंस्थेचंही बऱ्याचदा दिसत नाही. ती उधारी चहा पिताना विचारावी लागते, आणि घरातल्या बाईला विचारली तर आकडा खरा मिळतो. मुलगी असण्याचा इथे मोठा उपयोग आहे, मनापासून सांगते. पुरुष अधिकारी ओसरीवर बसतो; मला आत बोलावतात. दागिने सोडवले का, मुलाची फी थकली का, मागच्या वर्षी व्यापारी पैसे न देता गेला का, हे सगळं स्वयंपाकघरात कळतं. असल्या उत्पन्नाला दरमहा हप्ता लावणं म्हणजे पाय बांधून पळायला सांगणं. सहामाही हप्त्याची सोय असेल तरच मी त्या फायलींना हात लावते, नसेल तर सरळ सांगते की आमचं कर्ज तुमच्या कामाचं नाही.

माझ्या हातून चुकलेली फाइल सांगते. ३१ मार्च २०१८, रात्रीचे नऊ. सातपूरच्या एका कारखान्यातला कामगार, १६ लाखांचं कर्ज, १० टक्के, २० वर्षं. हप्ता १५,४४० रुपये. हातात येणारा पगार ३२ हजार, म्हणजे हप्ता पगाराच्या ४८ टक्के. आमची मर्यादा ५० होती. बसत होतं. पण त्या ३२ हजारांत ८ हजार ओव्हरटाइमचे होते, आणि मी तीनच महिन्यांच्या स्लिपा पाहिल्या. शाखेचा आकडा एका फायलीनं अडला होता, सगळे माझ्या टेबलाभोवती उभे होते. मी सही केली. २०१९ मध्ये वाहन उद्योगाला मंदी आली, ओव्हरटाइम बंद झाला. २४ हजारांवर १५,४४० म्हणजे ६४ टक्के. त्याच वर्षी माझी बदली वसुलीत झाली, आणि दुसऱ्याच महिन्याच्या यादीत ते नाव आलं. मी स्वतः त्याच्या घरी गेले. माणूस सालस, एक शब्द वर गेला नाही. त्याच्या बायकोनं पाणी दिलं आणि विचारलं, ‘मॅडम, तेव्हाच नाही म्हणाला असतात तर?’

त्यांनी फ्लॅट विकला, कर्ज फेडलं आणि परत भाड्याच्या खोलीत गेले. कंपनीचा एक रुपयाही बुडाला नाही, त्यामुळे कागदावर ती फाइल चांगलीच ठरली. तेव्हापासून मी बारा महिन्यांच्या स्लिपा मागते आणि ओव्हरटाइम निम्माच धरते, ३१ तारीख असो की १. यावरून माझी वरिष्ठांशी तीनदा वादावादी झाली आहे. नोकरी गेली नाही. मोठ्या कंपनीत लेखी कारण देऊन ‘नाही’ म्हणणाऱ्याला हात लावणं वाटतं तितकं सोपं नसतं. तोंडी कुरकुर करून शेवटी सही करणारा मात्र मागाहून एकटा पडतो. म्हणून शेरा नेहमी फायलीवर लिहायचा, फोनवर नाही.

वसुलीबद्दल लोकांच्या मनात गुंडगिरीचं चित्र असतं, आणि तसं वागणारे आहेतही. नियम मात्र स्वच्छ आहेत. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, शिवीगाळ नाही, नातेवाइकांना गाठून बदनामी नाही. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२ मध्ये हे पुन्हा बजावलं आहे. हप्ता ९० दिवसांच्या वर थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज ठरतं, आणि मग एक हप्ता भरून चालत नाही, सगळी थकबाकी भरावी लागते. घर जप्त करायचं तरी सरफेसी कायद्याखाली आधी ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते. एवढं थकलेल्या माणसाला नीट सांगितलं तरी निम्मे लोक मार्ग काढतात, असा माझा अनुभव आहे. त्यांना आधी कुणी सांगितलेलंच नसतं. कोविडमध्ये मार्च ते ऑगस्ट २०२० अशी सहा महिने हप्ते पुढे ढकलायची सवलत होती. किती जणांना वाटलं की हप्ते माफ झाले! घरात बसून मी दिवसभर एकच सांगायचे: माफ नाही, पुढे गेलंय, व्याज चालू आहे. १६ लाखांच्या नव्या कर्जावर सहा महिन्यांचं व्याजच ८० हजारांच्या घरात जातं. ज्यांचा पगार चालू होता त्यांना मी हप्ता भरायला लावला. त्यातले काही आजही दिवाळीला फोन करतात.

ज्या गोष्टींनी पोरं कायमची बाद होतात त्या ऐकून ठेव. गिऱ्हाइकाचा हप्ता स्वतःच्या खिशातून भरायचा नाही. महिनाअखेरीला आकडा सुधारायला हे सर्रास करतात, दोन-तीन हजारांनी सुरू होतं आणि मग तेच पोरगं कर्जात बुडतं. रोख घेतली तर त्याच मिनिटाला पावती. आपला लॉगिन पासवर्ड मॅनेजरलासुद्धा द्यायचा नाही. गिऱ्हाइकाचा ओटीपी आपण टाकायचा नाही. एजंटानं आणलेल्या पगाराच्या स्लिपेवर एकाच कारखान्याच्या दोन माणसांचा पीएफ नंबर सारखा निघाला, असं मी पाहिलंय. लॉगिन करणाऱ्या मुलाला काही ठाऊक नव्हतं, तरी चौकशीत त्याची नोकरी गेली, कारण मूळ कागद पाहिल्याची सही त्याची होती.

पगाराचं सांगते. ऑफर लेटरच्या डोक्यावर कुणाचं नाव आहे ते आधी बघ. कंपनीचंच असेल तर ऑन-रोल. माणसं पुरवणाऱ्या एजन्सीचं असेल तर ऑफ-रोल, म्हणजे शर्टावर कंपनीचा बिल्ला आणि पगार दुसऱ्याकडून. ऑफ-रोलनं सुरुवात करण्यात कमीपणा नाही, मीही तशीच लागले, पण ‘किती दिवसांनी आणि कशावर ऑन-रोल करता’ हे लेखी विचार. सीटीसीच्या, म्हणजे पत्रावरच्या वर्षाच्या एकूण आकड्यात इन्सेंटिव्ह धरलेला असतो. तो टार्गेटचा ठरावीक टप्पा ओलांडला तरच मिळतो, त्याच्या अलीकडे शून्य. घरखर्च फक्त ठरलेल्या पगारावर बांध. पेट्रोलचा भत्ता किलोमीटरवर असतो, रोजची नोंद ठेव. आणि बदली होते. आज नाशिक, तीन वर्षांनी धुळे किंवा जळगाव. क्रेडिटमध्ये पुढे जायचं असेल तर एक बदली घ्यावीच लागते, माझी जळगावला झाली तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता. सासूबाईंनी सांभाळला म्हणून निभावलं. तुझ्या लग्नाआधी एक बदली होऊन गेली तर सोपं जाईल.

मुलीनं करावं का, तर करावं. गावाकडची पीडी दुपारी चारच्या आत उरकायची, नव्या भागात दोघांनी जायचं, कुठे जातोय ते शाखेत सांगून जायचं. शाखेत स्वच्छतागृह कसं आहे ते मुलाखतीच्या दिवशीच बघून घे. संकोच करू नकोस. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी दहा किंवा जास्त माणसांच्या ठिकाणी अंतर्गत समिती असणं २०१३ च्या कायद्यानं बंधनकारक आहे, तिच्यावर कोण आहे ते रुजू होताना विचार.

वडिलांचं ऐकू नकोस असं मी म्हणणार नाही. सरकारी बँकेत टिकाऊपणा आहे, आणि क्लार्कच्या परीक्षेला वय २० ते २८ चालतं, म्हणजे तुझ्या हातात वर्षं आहेत. इथे लागून सकाळी दोन तास अभ्यास करणाऱ्या मुली माझ्या शाखेत होत्या. एक परीक्षेत निघाली, एक इथेच राहिली, राहिलेली आज क्रेडिट मॅनेजर आहे. पण मार्चमध्ये अभ्यास होत नाही, तेवढं धरून चाल.

हो म्हणण्याआधी एक कर. येत्या महिन्याच्या ६ किंवा ७ तारखेला, बाऊन्सची यादी आलेली असताना, त्या शाखेत सकाळी साडेदहाला जा. गृहकर्जाची चौकशी करायला आलेय असं न सांगता, इथे रुजू व्हायचंय, थोडा वेळ बसू का, असं सरळ विचार. बाकावर तासभर बस. हप्ता चुकलेल्या माणसाशी ते फोनवर कसे बोलतात ते ऐक, आणि वडिलांनाही सोबत घेऊन जा.